बेळगाव महापालिकेने ठराव केला तर सीमा बदलते का?

नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषय वाटलेत: संरक्षण, रेल्वे केंद्राकडे; पोलीस, शेती राज्याकडे; शिक्षण, वनं दोघांकडे, तिथं कायदे भिडले तर सहसा केंद्राचा टिकतो. महापालिका हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे दोरी बेंगळुरूच्या हातात. म्हणूनच २००५ मध्ये महाराष्ट्रात जायचा ठराव झाला, तेव्हा राज्याने महापालिकाच बरखास्त केली.

सीमा मात्र बेंगळुरूच्याही हातात नाही, मुंबईच्याही नाही. कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने ती बदलू शकते. संबंधित विधिमंडळांचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं (प्रचारसभांत हे कुणी सांगत नाही!). राज्याराज्यांतले कायदेशीर वाद कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. महाराष्ट्राने २००४ साली तिथंच दावा लावला.