नव्याने जोडलेल्या बटणांवर क्लिक का चालत नाही?

जावास्क्रिप्टने चालणाऱ्या वेबपानावरील कामांच्या यादीतील सुरुवातीच्या ओळींचे ‘काढा’ बटण चालते, पण नंतर जोडलेल्या ओळींचे चालत नाही, तेव्हा यासाठी एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी का, असे आपण विचारले आहे. लायब्ररीची गरज नाही. चूक एका समजुतीत आहे आणि शिकताना मीही तिच्यात बरेच दिवस अडकलो होतो.

‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ ही घटक शोधणारी जावास्क्रिप्टची आज्ञा त्या क्षणी पानावर असलेल्या बटणांचीच यादी देते. त्या यादीवर लूप फिरवून ‘ॲड इव्हेंट लिसनर’ने जोडलेले, क्लिक होताच चालणारे फंक्शन (म्हणजेच लिसनर) त्या-त्या बटणापुरतेच राहते, सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमासारखे पुढे तयार होणाऱ्या बटणांना आपोआप लागू होत नाही. प्रत्येक नव्या ओळीनंतर तोच लूप पुन्हा चालवावा, असा सल्ला आपल्याला मिळेल. तो मानू नये, कारण लूपमध्ये निनावी फंक्शन असेल तर ब्राउझर ते दर वेळी नवे समजतो आणि जुन्या बटणांवर एकाच क्लिकला तेच काम दोनदा, तीनदा होऊ लागते.

क्लिक झाल्यावर इव्हेंट (त्या क्लिकची सूचना) पानाच्या बाहेरच्या घटकांपासून क्लिक झालेल्या घटकापर्यंत उतरतो आणि मग त्याला सामावणाऱ्या पालक घटकांमधून पुन्हा वर चढतो. या चढण्याला बबलिंग म्हणतात. (एके काळी नेटस्केप या ब्राउझरने उतरण्याची आणि इंटरनेट एक्सप्लोररने चढण्याची दिशा धरली होती; नोव्हेंबर २००० च्या डॉम लेव्हल २ या वेब-मानकाने दोन्हींना जागा दिली.) म्हणून लिसनर बटणांवर न लावता, पानावर कायम राहणाऱ्या ‘यूएल’ (संपूर्ण यादीचा घटक) या पालकावर एकदाच लावावा.

त्या फंक्शनच्या आत ‘इव्हेंट डॉट टार्गेट’ (नेमका क्लिक झालेला घटक) थेट तपासण्याचा मोह मात्र टाळावा. बटणात कचरापेटीचे चित्र असेल, तर टार्गेट म्हणून ते चित्रच हाती येते आणि बटण कधी चालते, कधी नाही, असे वाटत राहते. त्याऐवजी टार्गेटवर ‘क्लोजेस्ट’ (स्वतःपासून वरच्या दिशेने जवळचा जुळणारा घटक शोधणारी आज्ञा) चालवून बटण शोधावे, ते न सापडल्यास फंक्शनमधून तेथेच परतावे, आणि सापडल्यास त्याच पद्धतीने जवळचा ‘एलआय’ (यादीतील एक ओळ) गाठून ‘रिमूव्ह’ करावा.

पुढे याच यादीत मजकूर बदलण्याची सोय केलीत, तर ‘फोकस’ (चौकटीत शिरणे) आणि ‘ब्लर’ (चौकटीतून बाहेर पडणे) हे इव्हेंट वर चढत नाहीत, म्हणून पालकावर ‘फोकस-इन’ आणि ‘फोकस-आउट’ ऐकावे लागतील.