घडीच्या चाकूला तीन वेगवेगळी पाती कशासाठी असतात?

जुन्या धाटणीच्या तीन पात्यांच्या चाकूत बहुधा क्लिप, शीप्सफूट आणि स्पे ही पाती असतात.

माझं सगळ्यात आवडतं शीप्सफूट. धार सरळ, पाठ पुढे खाली उतरलेली, त्यामुळे अणकुचीदार टोक नाही. मेंढ्यांचे खूर छाटायचं हे पातं. इथं सोलापुरात चादरींच्या गठ्ठ्याची सुतळी कापायला यासारखं दुसरं नाही. टोकदार पात्यानं मी एकदा आतली चादरच फाडली होती.

क्लिपचं बारीक टोक डाळिंबाला उत्तम. सालीपुरतीच चीर द्या, दाणे फुटत नाहीत.

स्पे मुळात जनावरांच्या खच्चीकरणासाठी. घरात क्वचितच लागतं.

एक सांगतो, अशा चाकूंना सहसा लॉक नसतं. टोकानं जोर देऊन भोसकू नका, पातं बोटांवर मिटतं.