वाचकांचे प्रश्न : ठासणीचे रिव्हॉल्व्हर लढाईत कितपत उपयोगी पडे?

प्रश्न : डुकरांपासून शेत राखण्यासाठी आमच्याकडे ठासणीची बंदूक असे. १८५७ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांचे रिव्हॉल्व्हरही असेच ठासावे लागे, असे वाचले. मग ऐन लढाईत त्याचा उपयोग काय? आणि आपल्या दमट हवेत ते चाले का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. त्या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात पाच किंवा सहा घरे असत. प्रत्येक घरात पुढून दारू भरून त्यावर शिशाची गोळी दाबून बसवावी लागे आणि मागच्या बाजूला पाऱ्याच्या स्फोटक क्षाराची तांब्याची टोपी चढवावी लागे. एवढा खटाटोप हातघाईत शक्य नव्हता. त्यामुळे हत्यार आधीच भरून ठेवत आणि बार संपले की तलवार उपसत. सामान्य शिपायाकडे बंदूकच असे. रिव्हॉल्व्हर हे मुख्यतः अधिकाऱ्यांचे शस्त्र होते आणि पुष्कळदा ते पदरच्या पैशांनी घेतलेले असे.

निवड करताना खरा प्रश्न कोल्ट की ॲडम्स, हा होता. अमेरिकी कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्यात सहा बार असत आणि नेमही चांगला लागे; पण प्रत्येक बाराआधी घोडा, म्हणजे टोपीवर आपटून बार उडवणारा हातोडा, अंगठ्याने मागे ओढावा लागे आणि ०.३६ इंची गोळीने धावून येणारा माणूस थांबेलच, याची खात्री नसे. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सच्या पाचबारी रिव्हॉल्व्हरचा नुसता चाप ओढला की घोडा उठून पडे, मात्र जड चापामुळे दूरचा नेम चुके. ब्रिटिश सैन्यातील इंजिनिअर अधिकारी ब्यूमाँट यांनी १८५६ मध्ये दोन्ही सोयी एकत्र आणल्या आणि ते सुधारित हत्यार त्यांच्या सैन्याने स्वीकारले. चार पावलांवरच्या झटापटीत लांबच्या नेमापेक्षा झटपट बार आणि जड गोळी अधिक मोलाची, हा अधिकाऱ्यांचा कौल आम्हालाही पटतो.

दमट हवेचे म्हणाल, तर गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या जुन्या बंदुकीतील उघड्या दारूपेक्षा टोपी पावसात कितीतरी भरवशाची होती. गोळीवर चरबी थापली की घरात ओल शिरण्यास अडसर होई, शिवाय एका बाराची ठिणगी शेजारच्या घरात जाण्याचा धोकाही कमी होई. खरा त्रास बारानंतरचा. जळलेल्या दारूची काजळी ओल ओढून घेते, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लगेच धुऊन तेल न दिलेले लोखंड लवकर गंजते. १८६८ मध्ये ब्रिटिश सैन्याने धातूच्या काडतुसांचे ॲडम्स स्वीकारले, तेव्हा ठासण्याचा आणि टोप्यांचा खटाटोप संपला. धुण्यापुसण्याचा मात्र राहिलाच.