लेकरू म्हणते पायी जातो, जाऊ देऊ का?

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. शाळा घरापासून सव्वा किलोमीटर. त्याचे बाबा रोज गाडीवर सोडतात, सोबत शेजारची दोन लेकरंही असतात. पालकसभेत बाईंनी सांगितलं, मुलांना पायी नाहीतर सायकलनं पाठवा. मुलगा तर हट्टच धरून बसला आहे. पण शेवटचा तुकडा डांबरी रोडचा आहे आणि दिवाळीनंतर तिथून कापसाच्या गाड्या सुसाट जातात. सासूबाई म्हणतात, "घरी गाडी असून लेकराले पायी धाडता, लोक काय म्हनतीन?" काय करू?
— एक आई, तालुका राळेगाव

उत्तर : ताई, आधी गाडीचंच बोलते, राग मानू नका. रोडची भीती वाटते म्हणून तीन लेकरं आणि बाबा, असे चौघं एका गाडीवर! कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागे एकच जण बसू शकतो आणि चार वर्षांवरच्या लेकरालाही हेल्मेट लागतं. तुमच्या घरी त्याच्या मापाचं आहे का?

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. डिसेंबरात गाडीवरून उतरलेली पोरं मफलरात गुंडाळलेली, पहिल्या तासाला पेंगत असायची. पायी आलेल्यांच्या पँटला कुसळं, खिशात बोरं आणि तोंडात रस्ताभराच्या बातम्या. कोणाच्या वावरात रानडुकरं शिरली ते मला हजेरीच्या आधी कळायचं. या वयात रोज तासभर चांगली हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलाची जाऊन-येऊन चाळीसेक मिनिटं चालण्यातच होतील.

मात्र त्याला एकट्याला धाडू नका. आमच्या गावात आम्ही मारुतीच्या पारापासून सात पोरांची टोळी काढायचो. पाचवीतली एक पोरगी पुढे, शिट्टी तिच्या गळ्यात, आणि मागे कोणाची तरी आई. पोरांनीच तिला 'दिंडी' नाव दिलं, शेगावची पालखी पंढरपूरला पायी जाते ना, तसं. ठरल्या वेळी पारावर नसेल त्याच्यासाठी थांबायचं नाही. मग आठवडाभरात सगळे वेळेवर. शेजारची ती दोन लेकरं घ्या, तुमचीही दिंडी झालीच.

एक चूक माझी सांगते. कितीतरी वर्षं मी पोरांना "डाव्या बाजूनं चाला" असंच शिकवलं. एका वाहतूक हवालदारानं मला थांबवून म्हटलं, "मॅडम, डावी बाजू गाड्यांची. फुटपाथ नसला तर पायी चालणाऱ्यानं उजवीकडून जावं, म्हनजे समोरून येनारी गाडी दिसते." दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून कबूल केलं. पोरं काय खुश झाली! तुमच्या डांबरी तुकड्यावर हाच नियम, एकामागे एक. पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः सोबत चाला आणि रोड कुठून ओलांडायचा ती एकच जागा ठरवून द्या.

सायकल डांबरी रोडवर आत्ता नको. दहा वर्षांखालच्या लेकराला येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखता येत नाही, त्यात हुशारीचा प्रश्न नाही. सुट्टीत पांदणीनं चालवू द्या. शर्ट घेतो तशी 'वाढत्या अंगाची' सायकल तर मुळीच घेऊ नका. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी बाबांच्या मोठ्या सायकलवर कैची मारत शिकले, त्याची खूण अजून गुडघ्यावर आहे.

काही दिवशी मात्र गाडीच बरी. नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरायचं, हे लेकराकडून घोकूनच घ्या. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन मी म्हणत असतं; येताना बाबांनी आणावं. आणि 2018 साली तुमच्याच भागात वाघिणीची दहशत होती, ती काही मनाची भीती नव्हती. वनखात्यानं सावध केलं असेल तेव्हा पायी धाडू नका.

दप्तर एकदा तोलून पाहा. नियम आहे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. बावीस किलोच्या पोराला दोन किलो दोनशे ग्रॅम, आणि त्यात लिटरभर पाण्याची बाटली घातली की एक किलो तिथंच गेलं! शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर लहान बाटली द्या.

राहिल्या सासूबाई. त्यांना समजवत बसू नका, पारापर्यंत नातवाला सोडायचं काम त्यांच्याकडे द्या. तिथं चार बायका भेटल्या की लोक काय म्हणतात ते त्याच तुम्हाला सांगतील.

येत्या शनिवारी सकाळची शाळा असेल, रोडही रिकामा असतो. त्या दिवशी गाडी अंगणात राहू द्या आणि लेकराच्या चालीनं किती मिनिटं लागली ते मला कळवा.