दहा प्रकार पुरुषांना, सातच स्त्रियांना: असे का?

प्रश्न: ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची डेकॅथलॉन दहा क्रीडाप्रकारांची असते, स्त्रियांची हेप्टॅथलॉन मात्र सातच प्रकारांची. स्त्रियांना दहा प्रकार झेपणार नाहीत, असे मानले जाते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: झेपण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. लिथुआनियाची ऑस्ट्रा स्कुयिते हिने एप्रिल 2005 मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात स्त्रियांच्या डेकॅथलॉनमध्ये 8358 गुणांचा जागतिक विक्रम केला. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच तिने अथेन्स ऑलिम्पिकमध्ये हेप्टॅथलॉनचे रौप्यपदक मिळवले होते. स्पर्धेला अधिक दिवस लागतात, असेही म्हणता येत नाही, कारण दोन्ही स्पर्धा दोनच दिवसांत आटोपतात. मग हा फरक उरला तो केवळ इतिहासामुळे.

1928 मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्त्रिया प्रथमच ऑलिम्पिकच्या मैदानी स्पर्धांत उतरल्या. तेथील 800 मीटर शर्यत जर्मनीच्या लीना राडके हिने विश्वविक्रमी वेळेत जिंकली. परंतु शर्यतीनंतर दमून बसलेल्या खेळाडूंची वर्णने वृत्तपत्रांनी अशी काही तिखटमीठ लावून छापली, की ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली आणि 1960 पर्यंत परतलीच नाही. (त्याच मैदानावर दमून आडवे होणाऱ्या पुरुषांच्या शर्यती बंद कराव्यात, असे कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.) त्या वातावरणात पुरुषांना 1912 पासून डेकॅथलॉन खेळता येत असताना स्त्रियांच्या वाट्याला ऑलिम्पिकमध्ये अशी संयुक्त स्पर्धा आली ती थेट 1964 मध्ये, तीही पाच प्रकारांची पेंटॅथलॉन. तिच्या जागी 1984 मध्ये लॉस एंजेलिस येथे हेप्टॅथलॉन आली: पहिल्या दिवशी 100 मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि 200 मीटर, दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि 800 मीटर.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डेकॅथलॉनच्या दहा प्रकारांपैकी नऊ प्रकार, किंवा त्यांची स्त्रियांसाठीची रूपे, 1984 पर्यंत ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्रपणे सुरू झालेली होती. थाळीफेक 1928 पासून, 400 मीटर 1964 पासून, 1500 मीटर 1972 पासून. अडसर होता तो एकट्या बांबूउडीचा, आणि सिडनी ऑलिम्पिकमध्ये 2000 साली तोही दूर झाला. म्हणजे सातवर थांबण्यास त्या काळी थोडेफार तरी कारण होते; गेली पंचवीस वर्षे तेही नाही. बंदिस्त स्टेडियममधील जागतिक स्पर्धांत तर पुरुष सात प्रकार खेळतात आणि स्त्रिया पाच. तेथेही अंतर कायम ठेवलेलेच आहे.

प्रश्न: मग हेप्टॅथलॉन बंद करून स्त्रियांसाठीही डेकॅथलॉनच ठेवावी का?

उत्तर: माझ्या मते डेकॅथलॉन यावी, पण हेप्टॅथलॉन एका फटक्यात मोडीत काढून नव्हे. हेप्टॅथलॉनमध्ये फेकीचे प्रकार सातपैकी दोनच असल्याने वेगवान धावणाऱ्या आणि उंच उडी मारणाऱ्या खेळाडूंना झुकते माप मिळते. डेकॅथलॉनमध्ये चार धावा, तीन उड्या व तीन फेकी असल्याने तोल अधिक सांभाळला जातो. तथापि अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सी हिचा 1988 च्या सोल ऑलिम्पिकमधील 7291 गुणांचा विक्रम समोर ठेवून ज्या मुलींनी वर्षानुवर्षे सात प्रकारांचाच सराव केला, त्यांच्या हाती एकाएकी बांबू देणे हा न्याय नव्हे. बदल आधी कनिष्ठ गटांत करावा आणि वरिष्ठ गटासाठी काही वर्षे आधी जाहीर करावा.

‘खेळायला मुलीच कुठे आहेत?’ हा आक्षेप मला पटत नाही. स्त्रियांची 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याची शर्यत, ऑलिम्पिकमध्ये 2008 मध्ये आली. 2010 मध्ये भारताच्या सुधा सिंहने तिच्यात आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले आणि 2016 मध्ये आपल्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर, जी त्याआधी मॅरेथॉन धावत असे, रिओच्या अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. स्पर्धा असेल, तर खेळाडू घडतात.

भारतापुरता खरा प्रश्न साधनांचा आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दुखऱ्या दातामुळे गालावर पट्टी चिकटवून खेळलेल्या स्वप्ना बर्मनने 6026 गुणांसह हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे असल्याने नेहमीचे बूट तिला रुतत, तरीही तिच्या पायांच्या मापाचे बूट मिळाले ते पदकानंतर. साध्या बुटांची ही कथा, तर चार मीटरहून लांब बांबू, उतरण्याची जाड गादी आणि बांबूउडीचा प्रशिक्षक किती जिल्ह्यांत मिळेल, याचा अंदाज आपणच करावा.

प्रश्न: माझी पुतणी सोळा वर्षांची असून लांब उडी व गोळाफेक दोन्ही चांगली करते. तिने हेप्टॅथलॉनकडे वळावे का?

उत्तर: अवश्य वळावे. अठरा वर्षांखालील मुलींसाठी गोळा 4 ऐवजी 3 किलोचा, भाला 600 ऐवजी 500 ग्रॅमचा आणि अडथळे 84 ऐवजी 76.2 सेंटिमीटर उंचीचे असतात, त्यामुळे सुरुवात फारशी जड जात नाही. अडथळ्यांचे तंत्र मात्र याच वयात पक्के करून घ्यावे. स्पर्धेची सुरुवातच त्यांनी होते आणि तेथे पाऊल चुकले, की पुढचे दोन दिवस ते गुण भरून काढण्यातच जातात. 800 मीटरचा कंटाळा बहुतेक जणींना येतो, म्हणून तो सराव आठवड्याच्या शेवटावर ढकलू नये.