सायकल ट्रॅक नंतर मागा, आधी साइडपट्टी मागा

प्रश्न : मी तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बऱ्याच मुली सायकलने येतात. बसस्थानक ते शाळा हा रस्ता आधीच अरुंद, त्यात कडेला दुचाकींची रांग, आणि गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर. काही पालकांनी मुलींच्या सायकली बंद केल्या. आम्ही नगरपरिषदेकडे सायकल ट्रॅक आणि फुटपाथची मागणी केली, तर 'सदर रस्ता आमच्या ताब्यात नाही' असं पत्र आलं. आता काय करावं?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं तरी बहुधा खरं आहे. तालुक्याच्या गावातला सगळ्यात वर्दळीचा रस्ता बहुतेक वेळा राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असतो आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. डांबर त्यांचं, कडेचं गटार नगरपरिषदेचं, खांब आणि डीपी वीज कंपनीची. माझी सगळी नोकरी नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात गेली. चुकीच्या कार्यालयात पडलेला अर्ज आवक-जावकच्या रजिस्टरात कसा म्हातारा होतो, ते जवळून पाहिलंय. तेव्हा अर्ज बांधकाम विभागाच्या उपविभागीय अभियंत्यांना करा, प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडची पोच घ्या.

आता मागणीचं. ट्रॅक मागू नका. पुण्यात रुंद रस्त्यांच्या कडेने ट्रॅक झाले, २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. तरी अनेक ठिकाणी त्या ट्रॅकवर आज दुचाकी उभ्या असतात, मध्येच झाड येतं, मध्येच चेंबर. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर सोडायला तुमच्या रस्त्यात मुळात जागाच नसणार. मंजुरी मिळालीच तर कुठेतरी शंभर मीटरचा रंगीत पट्टा होईल, उद्घाटनाचा फोटो येईल, आणि मुली पुन्हा ट्रॉलीच्या चाकाशेजारी.

साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी, मागा. उद्या गावाबाहेरच्या वळणावर डांबराच्या कडेला उभं राहून खाली बघा. वर्षानुवर्षं डांबराचे थर एकावर एक चढत गेलेत, बाजूचा मुरूम मात्र पावसात वाहून गेलाय. मधली पायरी कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मागून हॉर्न वाजला की मुलगी त्या पायरीवरून खाली घसरते किंवा घाबरून डांबर सोडतच नाही. अपघात होतो तो इथे. साइडपट्ट्या मुरमाने भरून रोलर फिरवणं हे देखभालीचं काम आहे, त्याला मोठी योजना लागत नाही. पावसाळा संपला की लगेच मागा, कारण ऊस सुरू झाल्यावर त्या रस्त्यावर रोलर उभा करायला कुणी तयार होणार नाही.

दुसरी मागणी शाळेच्या फाटकासमोर. अपघात झाला की रातोरात काँक्रीटचा जो उंचवटा पडतो, तो गतिरोधक नव्हे, कंबरमोड्या. इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, माप आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलसर. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होत नाही, जोरात जाणाऱ्याला होतो. अर्जात हे आकडे लिहाच. आकडे असलेला अर्ज शाखा अभियंता बाजूला सारत नाही, कारण त्याला अंदाजपत्रक करायला तेच लागतात. सोबत फलक आणि पांढरे पट्टे मागा. रात्री न दिसणारा गतिरोधक नसलेला बरा.

ट्रॅक्टरचं काम कागदापेक्षा बोलण्याने होईल. कारखान्याचा शेती विभाग आणि पोलीस ठाणे यांना एकत्र बसवून शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॉल्या गावाबाहेर थांबवायला सांगा. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावायची मोहीमही त्याच बैठकीत ठरवून घ्या. दुचाकींसाठी सम-विषम तारखेचं पार्किंग सुचवा. रस्त्याची एक बाजू तरी मोकळी होते.

फुटपाथचं म्हणाल तर नियमाने किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे गटार उंच, म्हणून त्यावरची फरशी उंच, आणि तोच फुटपाथ म्हणून दाखवतात. गुडघे दुखणारी आजी त्यावर चढणार कशी? त्यात दर दुकानापुढे स्वतंत्र उतार, म्हणजे वर-खाली, वर-खाली. जिथे १.८ मीटर मिळत नाही तिथे फुटपाथचा हट्ट सोडा आणि वाहनांचा वेग कमी करून घ्या. मिळतं तिथे मात्र सोडू नका. पादचाऱ्यांना अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय. अर्जात तेही लिहा, पण शेवटी. पहिल्याच ओळीत कोर्ट दिसलं की साहेब फाइल विधी सल्लागाराकडे पाठवतात.

प्रश्न : आमच्या दुकानांसमोरच्या फुटपाथवर भाजीवाल्या बसतात, म्हणून लोक रस्त्यावरून चालतात. त्यांना हटवण्यासाठी कुठे तक्रार करावी?
— एक व्यापारी, सोलापूर जिल्हा

उत्तर : २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना असं उचलून टाकता येत नाही. आधी सर्वेक्षण, मग नगर पथविक्रेता समितीतर्फे जागा. ती समिती तुमच्याकडे कागदावर तरी आहे का, ते विचारा. आणि तक्रार लिहिण्याआधी दुकानाच्या पायऱ्या, जाहिरातीचा बोर्ड आणि बाहेर मांडलेला माल फुटपाथचा किती भाग खातो, तेवढी टेप लावून बघा.

प्रश्न : आमच्या शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठे रस्ता, कुठे आरक्षण याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाली आहे. त्यात चालणाऱ्यांसाठी, सायकलसाठी काही सुचवता येतं का?
— एक निवृत्त पोस्टमन, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : येतं, आणि वेळ थोडा आहे. हरकती-सूचनांसाठी प्रसिद्धीपासून ३० दिवस मिळतात. बहुतेक लोक आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का एवढंच बघून घरी जातात. तुम्ही ओढ्याकाठची वाट, कालव्याचा सेवारस्ता आणि जुन्या पाणंदी शोधा. हमरस्ता टाळून शाळेला, बाजाराला पोहोचवणाऱ्या याच वाटा. नकाशात त्या पुसल्या गेल्या की त्यावर लेआउट पडतो आणि मग कुणाच्या बापाला परत मिळत नाहीत. प्रत्येक वाट कुठून कुठे जाते, ते गट किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन लिहा आणि ती 'पादचारी व सायकल मार्ग' म्हणून दाखवावी, असं स्पष्ट मागा. तुम्ही गल्लोगल्ली टपाल वाटलंय, निम्म्या वाटा तुम्हाला पाठ असतील. उरलेल्यांसाठी एखादा जुना शेतकरी सोबत घ्या आणि नकाशा पाहायला सकाळीच जा; दुपारी नकाशाच्या खोलीत गर्दी असते.