नोकरी, कर्ज आणि आजारी आईवडील सांभाळताना ख्रिस्ती माणसाने देवाच्या राज्याला प्रथम स्थान कसे द्यावे?

घराचे हप्ते आणि आईचे दुखणे यांतच दिवस संपतो, तेव्हा नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला लागा असे प्रार्थना-गटातले लोक सांगतात, आणि त्यासाठी ‘आधी देवाचे राज्य मिळवायला झटा’ हे मत्तय 6:33 चे वचन पुढे करतात, असे तुम्ही लिहिले आहे. याच वचनावरून आमच्या घरात दोन भावांचे बोलणे बंद झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. घरच्यांची तरतूद करणे हे देवाच्या राज्याचेच काम आहे, आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात टाकून प्रार्थनेला बसणाऱ्याला मी आध्यात्मिक मानत नाही.

जालन्याजवळ आमची मोसंबीची बाग आहे. 2012-13 च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला आणि आजूबाजूच्या बागा उभ्या वाळू लागल्या. मी टँकरचा विषय काढला, तेव्हा थोरल्या बंधूंनी लूकच्या 12 व्या अध्यायातील कोठारे बांधणाऱ्या धनवानाचा दृष्टांत वाचून दाखवला, आणि झाडांसाठी कर्ज काढणाऱ्याने सार्वकालिक जीवनाच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे वडिलांसमोर विचारले. वडिलांच्या औषधांचा खर्च त्याच बागेतून निघत होता. मी अर्धी बाग सोडून दिली, उरलेल्या झाडांच्या फांद्या छाटून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली आणि आळ्यांत बाजरीचे सरमाड अंथरले. टँकरला वेळकाळ नसे; मध्यरात्री आला तरी आई बॅटरी धरून उभी राही, मी पाइप एका आळ्यातून दुसऱ्यात सरकवत असे, आणि आम्ही दोघे 121 वे स्तोत्र म्हणत असू. काही रविवारी माझी उपासना चुकली, तेही बंधूंनी मंडळीच्या पंचांच्या कानावर घातले.

बंधू तो दृष्टांत नेहमी मधूनच वाचत. त्याच्या आधी एक माणूस येशूकडे येऊन, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, अशी मागणी करतो, आणि येशू तो निवाडा नाकारून लोभाविषयी सावध करतो. शेत चांगले पिकवले म्हणून त्या धनवानाला दोष दिलेला नाही. पीक स्वतःपुरते साठवले आणि देवाच्या बाबतीत तो दरिद्री राहिला, हा त्याचा दोष आहे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे, असे 1 तीमथ्य 5:8 मध्ये स्पष्ट म्हटले आहे, आणि ज्याच्या पत्रांतून ही मंडळी वचने काढतात तो पौल करिंथात तंबू बनवून पोट भरत होता. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी पुढे आमच्याच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. घरे, पाणी आणि शेती यांची काळजी वाहिल्याशिवाय गाव वसत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

पुढे फळ लागले तेव्हा बंधूंनी अर्धा वाटा मागितला आणि मी तो दिला, कारण बाग वडिलांची होती. परंतु ती केवळ त्यांच्या उपवासाने वाचली, हे त्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. पाऊसही देवाने दिला आणि टँकरवाल्याला उधारीवर पाणी देण्याची बुद्धीही त्यानेच दिली.

अर्थात, ज्याला दुसरा प्लॉट आणि तिसरी गाडी हवी म्हणून रविवार परवडत नाही, त्याने माझ्या या उत्तराचा आधार घेऊ नये. खरेच पाचारण झालेली माणसेही असतात, पण ती घरच्यांची सोय लावून निघतात. तुम्ही पगार होताच दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, बाजूला काढा, रात्री उशीर झाला तरी आईच्या उशाशी बसून प्रार्थना करा, आणि नोकरी मात्र सोडू नका. गटातल्या कोणी पुन्हा आग्रह धरला, तर आईच्या औषधांचे बिल दर महिन्याला कोण भरणार, हे त्यांना सर्वांसमक्ष विचारा.